दारावरची पाणीबंदी

द्रौपदाबाई मेश्राम विहाराच्या दाराशी आल्या, चष्मा वर-खाली करत त्यांनी दारावरचं पोस्टर वाचलं आणि पायातून काढलेली एक चप्पल परत पायात घातली.

"जगदीश," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, "गाडी काढ."

"अगं आई, आत्ताच तर पार्क केली. काय झालं?"

"गाडी काढ म्हणते ना!"

रविवारची सकाळ होती. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातला हा विहार म्हणजे मुळात मुलांच्या स्काऊटचा जुना हॉल. नागपूर, पुणे, मुंबईकडच्या घरांनी मिळून तो घेतला, रंगवला, आत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आणला. आत मेणबत्त्या लावून झाल्या होत्या. वंदना सुरू व्हायची तेवढी बाकी होती. सतीश रामटेके खुर्च्या मांडत होता. बाहेरचा आवाज ऐकून तो हातातली खुर्ची तशीच घेऊन दारात आला.

"जय भीम, आई. या ना आत."

"कोणी लिवलं हे?"

सतीशनं पोस्टरकडे पाहिलं. त्याच्याच मुलीनं, आर्यानं, आदल्या दिवशी ते चिकटवलं होतं. निळ्या कागदावर पांढरी ठसठशीत अक्षरं होती: 'विहारात पाणीबंदी. नियम मोडल्यास दंड होईल.' काल त्यानं ते पाहिलं होतं आणि अक्षर छान आलंय म्हणून कौतुकही केलं होतं. आता द्रौपदाबाईंच्या बाजूला उभं राहून वाचलं तेव्हा त्याला ते दिसलं.

"आई, ते पाईपाबद्दल आहे. बागेच्या पाईपाबद्दल. पाऊस नाही म्हणून सगळ्या भागात—"

"मले वाचता येते," द्रौपदाबाई म्हणाल्या. "बाबासाहेबांनं शिकवलं म्हणून वाचता येते. ज्या दारावर पाणीबंदी लिवली, त्या दारातून मी आत येणार नाई. जल्मात नाई."

आणि पांढरं लुगडं सावरत त्या गाडीत जाऊन बसल्या. जगदीशनं सतीशकडे पाहून खांदे उडवले आणि गाडी बेसिंगस्टोकच्या रस्त्याला लागली. जगदीश विहाराच्या कमिटीचा अध्यक्ष होता. त्या दिवशीची वंदना अध्यक्षाविनाच झाली.

घरी आल्यावर आर्यानं बॅग सोफ्यावर टाकली.

"बाबा, मी काय चूक केला? होजपाईप बॅन. बॅन म्हणजे बंदी. होजपाईपला 'नळी' लिहिलं असता तर 'नळीबंदी' वाचून सगळे हसले असते. आय वॉज बीइंग क्लिअर!"

"क्लिअर तर होतंच," सतीश म्हणाला. "जरा जास्तच क्लिअर झालं."

आर्या रीडिंगमध्येच वाढली, आता मेडनहेडला नोकरी करत होती. चवदार तळ्याची गोष्ट तिला माहीत नव्हती असं नाही. दर मार्चमध्ये विहारात ती सांगितली जायची, एका वर्षी तर आर्यानंच त्यावर इंग्रजीत भाषण केलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. पण ते तळं तिच्या डोक्यात एका कप्प्यात होतं आणि बागेचा पाईप दुसऱ्या. या दोन्हींमध्ये एकच शब्द उभा आहे हे तिच्या गावीही नव्हतं. सतीशनं तिला ते सांगितलं. मऊ करून सांगणं त्याला जमत नसे, त्यानं सरळ सांगितलं. आर्या म्हणाली, "ओह नो. आणि मी दंडपण लिहिला."

आता एका शब्दानं एवढं काय बिघडलं, असं कोणी विचारेल. बिघडलं ते असं.

सतीशची बायको वीणा फेब्रुवारीत गेली. नागपूरला असताना ती राज्य सरकारच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होती. रीडिंगला आल्यावर इथल्या सरकारनं लोकांचा पाण्याचा वापर कमी करायचं मनावर घेतलं, तेव्हा त्या कामात ती शिरली. घरोघरी जायची, गळका फ्लश शोधायची, शॉवरचं तोंड बदलून द्यायची, स्मार्ट मीटर कसा वाचायचा ते शिकवायची. विहाराचं छप्पर मोठं आहे, त्यावर पडणारं पाणी गटारात जातं, हे तिला बघवत नव्हतं. संस्थांच्या हॉलना पावसाच्या पाण्याची टाकी आणि कमी पाण्याचे नळ बसवून द्यायची कौन्सिलची एक योजना होती. वीणानं विहाराचं नाव त्यात घातलं, माणसं आणून छप्पर मोजून घेतलं, टाकीची जागा ठरवली. फक्त कमिटीचा होकार राहिला. तेवढ्यात ती आजारी पडली.

तो होकार याच महिन्यात कौन्सिलला कळवायचा होता, नाहीतर टाकी दुसऱ्या एखाद्या हॉलला जाणार होती. मतदान पुढच्या रविवारी होतं. कमिटीत आधीच कुरबुर होती, कारण टाकीमुळे पार्किंगची एक जागा जाणार होती आणि ती नेमकी जगदीशची होती. तरीही सतीशला भरवसा होता. आता मात्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळपासून गंमत चालली होती. कोणी लिहिलं, 'आंघोळ करून येऊ की तशीच?' कोणी लिहिलं, 'विहारात पाणीबंदी, मग टाकी कशाला?' शेवटी जगदीशचा गंभीर मेसेज आला: 'आईच्या भावना दुखावल्या आहेत. टाकीचा विषय सध्या पुढे ढकलावा असं माझं मत आहे.'

पुढे ढकलणं म्हणजे टाकी गेली, हे सतीशला कळत होतं.

"मी त्यांना सॉरी म्हणते," आर्या म्हणाली. "मी फोन करू?"

"फोन नको. मी जाऊन येतो."

"काय बोलणार तुम्ही? तुम्ही तर... बाबा, तुम्ही भांडता."

"भांडत नाही. खरं बोलतो."

"सेम थिंग," आर्या म्हणाली.

वीणाही हेच म्हणायची. सतीश हसला आणि उठून चहा टाकायला गेला. टाकी होणार याबद्दल त्याच्या मनात काही शंका नव्हती. वीणानं हात लावलेलं काम अर्धवट राहिलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि ती नाही म्हणून आता तसं होईल असंही त्याला वाटत नव्हतं.

बुधवारी ऑफिस सुटल्यावर तो बेसिंगस्टोकला गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचं गवत वाळून बिस्किटाच्या रंगाचं झालं होतं. दार द्रौपदाबाईंनी उघडलं. जगदीश वरच्या खोलीत कुठल्यातरी मीटिंगमध्ये होता, जिन्यावरून त्याचं इंग्रजी खाली येत होतं.

"ये बाबू. बस. मी वाटच पाहून राहिली होती, तू येशील म्हणून."

सतीश बसला. द्रौपदाबाईंनी आतून तांब्या आणि पेला आणला. पेला त्यांनी भरला तो असा काठोकाठ, की उचलला असता तर सांडला असता. सतीशनं वाकून आधी एक घोट घेतला, मग उचलून सगळा संपवला. उन्हातून आला होता, तहान लागलीच होती.

"आई, पोस्टर काढलं आम्ही. आर्याला वाईट वाटलंय. तिचं काही वाकडं मनात नव्हतं. शब्द चुकला."

"शब्द चुकला म्हणजे मंग काय राहिलं?" द्रौपदाबाईंनी पेला पुन्हा काठोकाठ भरला. "पोट्टीवर माहा राग नाई. लहान हाय. तू तर लहान नाई ना? तू वाचलं असशील की लावायच्या आधी."

"वाचलं."

"आन् काय म्हणला?"

"अक्षर छान आहे म्हणालो."

द्रौपदाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि एकदम खुदकन हसल्या. "खोटं तर बोलत नाईस तू, येवढं खरं!"

सतीशनं दुसराही पेला संपवला. पाहुण्यानं पाणी टाकू नये, अशी सवय वीणानं त्याला लावली होती.

"सांगते तुले," द्रौपदाबाई म्हणाल्या आणि समोरच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसल्या. "आमच्या गावात विहीर होती. आमाले हात लावाची सोय नव्हती. मी लहान होती, आजीसंगं जावो. आमी विहिरीपासून दूर घागर ठेवून बसून राहो. येईल कोणी बाई, तिले दया आली तर आपल्या बादलीतून घागरीत वतंल. वरून वतंल, म्हणजे शिवाशिव होऊ नाई. अर्धं घागरीत, अर्धं मातीत. कोणी घागर भरंल, कोणी बुडभर देईल आन् चालली जाईल. आन् आपल्याले 'अजून' म्हणाची सोय नाई. समजलं? दिलं तेवढं घ्याचं. तोंडातून 'अजून' निघालं का दुसऱ्या दिवशी तेवढंही नाई."

वरून जगदीशचा आवाज आला, "कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन?"

"म्हणून सांगते," द्रौपदाबाई त्याच सुरात पुढे म्हणाल्या, "माह्या घरी पेला काठोकाठ भरते. सांडला तरी चालंल. तुही वीणा सोन्यासारखी होती, पण विहारात अर्धा अर्धा पेला भरून देवो, ते मले कधी आवडलं नाई. तिच्या तोंडावर म्हटलं मी, वीणा, आपल्या लोकाईले अर्धं पाणी देऊ नको. हसली फक्त. आन् आता टाकी, मीटर, पाणी कमी वापरा, कमी वापरा. आमी कमीच वापरलं ना बापा, पिढ्या न् पिढ्या! आता कुठं नळ हाती आला, तर सरकार म्हणते बंद कर."

हे बोलता बोलता त्यांनी तांब्या उचलला आणि तिसऱ्यांदा पेल्यावर धरला. सतीशनं पेल्यावर तळहात ठेवला.

"बस, आई."

"काहून? लाजतो का?"

"लाजत नाही. लागलं तर मागेन ना. तुमच्या घरी मला मागता येतं."

तांब्या तसाच वर राहिला.

सतीशनं काही ठरवून ते म्हटलं नव्हतं. पोट भरलं होतं म्हणून म्हटलं होतं. पण म्हटल्यावर त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं, आणि डोळ्यांसमोर वीणा आली. विहारात जेवणं चालू असताना अर्धा पेला भरून द्यायची आणि पुढे जायची नाही. हातात पाण्याचा जग घेऊन तिथेच उभी राहायची.

"आई," तो म्हणाला, "ती अर्धा पेला द्यायची, बरोबर. पण देऊन निघून जायची का?"

द्रौपदाबाई आठवू लागल्या.

"नाई," त्या म्हणाल्या. "उभी राहो. जग घेऊन."

"मला वाटायचं उगाच उभी राहते. पाय दुखायचे तिचे. आमचं त्यावरून वाजायचंसुद्धा. मी म्हणायचो, भरून दे आणि बस ना एका जागी. तर म्हणायची, कोणी मागितलं तर? मी म्हणायचो, मागतील तेव्हा बघू. तर म्हणायची, मागितल्यावर लगेच मिळतं हे ठाऊक असेल, तर माणूस आधी कमी घेतो." सतीश थांबला. एवढं सलग तो फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच वीणाबद्दल बोलला होता. "मी काही त्यावर विचार केला नाही. मला ती इंजिनिअरची बडबड वाटायची."

द्रौपदाबाईंनी तांब्या खाली ठेवला. लुगड्याच्या पदरानं त्यांनी तोंड पुसलं, डोळेही पुसले असावेत.

"गेली बिचारी," त्या म्हणाल्या. "येवढं डोकं आन् येवढ्या लवकर गेली."

वर जगदीश कोणाला तरी थँक यू म्हणत होता.

मग द्रौपदाबाईंनी विचारलं, "त्या टाकीले तोटी कुठं लावणार?"

"मागच्या बाजूला. आपल्या भाजीच्या वाफ्यांकडे."

"मागं काहून? रस्त्याच्या बाजूनं लाव."

"रस्त्याच्या? आई, मग कोणीही येऊन नेईल."

"तेच म्हणून राहिली मी. कोणीही यावं, न्यावं. कुलूप नाई, विचारणं नाई. ते विहाराच्या बाजूच्या घरची म्हातारी गोरी बाई, तिचे गुलाब पाहिले का? वाळून कोळसा झाले. झारी घेऊन किचनमधून चकरा मारते बिचारी, माह्यावाणी गुडघे गेलेले. तिले चार पावलांवर पाणी भेटलं तर?"

"ते पिण्याचं पाणी नसेल, पावसाचं असेल."

"मी पिवाले कुठं म्हटलं? झाडं पितीन. आपलं पाणी कोणी घेतलं तर आपल्याले काय बाट लागते का?" असं म्हणून त्या स्वतःच मोठ्यानं हसल्या.

"कौन्सिलला विचारावं लागेल," सतीश म्हणाला. "नकाशात तोटी मागे दाखवलीय."

"मंग विचार. तुले मागता येते ना?"

सतीशनं हात जोडले.

तेवढ्यात जगदीश खाली आला. मान आखडली होती, ती चोळत होता. दोघांना हसताना पाहून तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबला.

"काय चाललंय? सतीश, तू आईला काय सांगितलंस?"

"त्यानं काई नाई सांगितलं. मीच सांगितलं. टाकी होणार हाय."

"अगं, पण तूच तर... आणि माझी पार्किंगची जागा?"

"चालत येत जा."

"बेसिंगस्टोकहून?"

"गाडी दोन गल्ल्या पलीकडं लाव आन् तिथून चालत ये. पोट पाहिलं का कुठं चाललं तुहं?"

जगदीशनं सतीशकडे पाहिलं. सतीशनं पेल्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सतीशनं टाकीची योजना पाहणाऱ्या कौन्सिलच्या बाईंना फोन केला. लांबण न लावता विचारलं, तोटी रस्त्याकडे चालेल का. त्या म्हणाल्या, का नाही, 'हे पाणी पिण्याचं नाही' अशी पाटी मात्र लावा. आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, वीणानं हे मला एकदा विचारलं होतं, पण तुमची कमिटी मानणार नाही असं तिला वाटत होतं. सतीश फोन ठेवून बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिला. मग त्यानं कामाला सुरुवात केली.

रविवारी द्रौपदाबाई सगळ्यांच्या आधी हजर झाल्या. जगदीशनं गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावली होती आणि तो घामाघूम होऊन मागून येत होता. आर्या नवा निळा कागद आणि मार्कर घेऊन दारात उभी होती. ती पुढे होऊन वाकली.

"आजी, सॉरी. मला कळला नव्हता."

"कळलं," द्रौपदाबाई म्हणाल्या. "कळलं नव्हतं. चाल, लिव. मी सांगते तसं."

आर्यानं कागद दारावर टेकवला. द्रौपदाबाईंनी सांगितलं आणि ती लिहीत गेली: 'पाईप बंद आहे. पाणी खुली आहे.'

"खुली नाई. खुलं."

"पाणी... ती पाणी ना? नदी ती. टाकी ती. मग पाणी तो?"

"ना तो, ना ती," द्रौपदाबाई म्हणाल्या. "ते. पाणी ते असते. म्हणून कोणाचं नाई."

आर्यानं मान हलवली, 'ली'ची वेलांटी खोडली आणि वर टिंब दिलं. खोडलेलं चांगलंच दिसत होतं. दुसऱ्या कागदावर लिहू का, असं तिनं विचारलं. द्रौपदाबाई म्हणाल्या, राहू दे, कागद फुकट काहून घालवते. मग त्यांनी दोन्ही चपला काढल्या आणि आत गेल्या.

वंदना झाल्यावर जगदीशनं टाकीचा विषय मांडला. तोटी रस्त्याकडे, कुलूप नाही, रस्त्यावरच्या कोणालाही झारी भरून न्यायची मुभा. कोणीतरी मागून विचारलं, "आणि अध्यक्षांची पार्किंग?"

"अध्यक्ष चालणार आहेत," जगदीश म्हणाला आणि सगळ्यात आधी त्यानंच हात वर केला. मग हात वर होत गेले. विरोधात कोणी नव्हतं. सतीशनं तिथेच उभ्या उभ्या कौन्सिलला होकार पाठवून दिला.

जेवणं सुरू झाली. द्रौपदाबाईंना सगळे बसा बसा म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. स्टीलचा जग घेऊन त्या ओळीतून निघाल्या. पेला अर्धा भरायच्या आणि समोर उभ्या राहायच्या.

"आजी, अर्धाच?" कोणीतरी चेष्टेनं म्हटलं. "तुम्हीसुद्धा?"

"पी आधी तेवढा. मी कुठं चालली का?"

सतीशच्या समोर आल्या तेव्हा त्यांचे गुडघे दुखत होते हे दिसत होतं. त्यांनी त्याचा पेला अर्धा भरला आणि थांबल्या. सतीशनं पाणी प्यायलं. हळूहळू, सगळं. बाहेरून दारावरच्या कागदाची एक बाजू वाऱ्यानं फडफडत होती.

त्यानं पेला पुढे धरला.

"अजून," तो म्हणाला.